तेवीस फुटांचा गोल

फुटबॉलचा गोल चोवीस फूट रुंद असतो. मी रोवला तो तेवीस फुटांचा भरला.

खरं तर हे कुणाला कळलंही नसतं. कॉलेजचं मैदान, मुलींचा सामना, बघायला आलेल्यांतले निम्मे लोक सावली शोधत आलेले. एक फूट इकडं झाला काय आणि तिकडं झाला काय! पण अख्ख्या वाशिम जिल्ह्यात एक फूट नुसत्या नजरेनं ओळखणारा जो एक माणूस आहे, त्याला त्या दिवशी मीच फोनवर गळ घालून मैदानावर बोलावलं होतं. तो माणूस म्हणजे आमचे साडभाऊ. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान.

जगात आजवर जेवढे खेळ निघाले आणि पुढे जेवढे निघतील, त्या सगळ्यांवर मिळून अविश्वास दाखवायला आमचे साडभाऊ एकटे पुरेसे आहेत. क्रिकेटच्या शेवटच्या षटकात अख्खी शेलूबाजारची आळी दुकानातल्या टीव्हीपुढं श्वास रोखून उभी असते, तेव्हा हे गर्दीतून पिशवी सांभाळत जातात आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, "निकाल उद्या पेपरात येते ना? मंग आज कायले उभे हाय?" एकदा भारत जिंकल्यावर शेजारच्या पोरानं पेढा आणून दिला. यांनी पेढा हातात धरून त्याला शांतपणे विचारलं, "जिंकले ते सातबाऱ्यावर चढते का?" पोरगं म्हणालं, नाही चढत. "मंग जिंकून कोनाच्या नावावर झालं?" पोरगं घरी गेलं ते थेट आईला विचारायला.

साडभाऊ भूकरमापक आहेत. म्हणजे शेताची मोजणी करणारे साहेब. तीसेक वर्षं त्यांनी लोकांच्या वावरांच्या हद्दी मोजल्या, दगड रोवून दिले आणि दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या. आमच्याकडं शेताच्या बांधाला धुरा म्हणतात, आणि धुऱ्यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी सुनांवरूनही होत नाहीत. आसेगावकडच्या दोन सख्ख्या भावांचा हातभर धुऱ्याचा वाद यांनी तीनदा मोजला. तिन्ही वेळा आकडा एकच निघाला, आणि तिन्ही वेळा एक भाऊ तरी यांना "विकला गेला" म्हणून गेला. म्हणून साडभाऊंनी स्वतःला काही नियम घालून घेतले आहेत. मोजणीच्या दिवशी कोणत्याच पार्टीचा चहा घ्यायचा नाही. पाणीसुद्धा घरचं, निळ्या झाकणाच्या बाटलीतलं. जागेवर गेल्याशिवाय आणि डोळ्यानं पाहिल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करायची नाही. आता उपग्रहावर चालणारं मोजणीचं यंत्र आलंय, तेही ते वापरतात, पण यंत्रानं आकडा दाखवला की हळूच दोन पावलं चालून यंत्र बरोबर आहे की नाही ते तपासतात. त्यांचं पाऊल बरोब्बर दोन फुटांचं आहे. लग्नाच्या वरातीतसुद्धा ते दोन फुटांनीच चालतात. त्यामुळं नवरदेव मांडवात आणि हे अजून पेट्रोल पंपाजवळ, असं पुष्कळदा झालेलं आहे.

आमच्या घरी कॅरम होता. "होता" म्हणतो, कारण एका दिवाळीत साडभाऊ आले, आम्ही खेळत होतो तिथं पाच मिनिटं उभे राहिले, मग खिशातून सुतळी काढून त्यांनी बोर्डाचे दोन्ही कर्ण मोजले. एका बोटाचा फरक निघाला. "मास्तर, हे चौकोन नाही," ते म्हणाले. मी प्राध्यापक असलो तरी त्यांच्या लेखी मास्तरच. "याच्यावर आजपर्यंत जे जे जिंकले ते सगळे रद्द." माझी बायको गेली सात वर्षं त्या बोर्डाची राणी होती. ती स्वयंपाकघरात गेली, ती जेवायला वाढेपर्यंत बाहेर आली नाही. कॅरमवर आता पापड वाळतात.

त्यांच्या ऑफिसातल्या स्नेहसंमेलनात एकदा संगीत खुर्ची ठेवली होती. साहेबांनी आग्रह केला म्हणून हे रिंगणात उतरले. गाणं थांबलं, सगळे धपाधप बसले, आणि हे एकटे उभे. कुणीतरी म्हणालं, "साहेब, आउट." हे जागचे हलले नाहीत. "एक खुर्ची कमी आहे हे तुमाले आधीपासून माहीत होतं ना?" त्यांनी आयोजकाला विचारलं. "हो." "मंग मागवली काहून नाही?" त्या प्रश्नाला संगीत खुर्चीच्या इतिहासात उत्तर नाही. आयोजकानं खरोखरच शेजारच्या खोलीतून एक खुर्ची आणली, सगळे बसले, आणि खेळ तिथंच संपला.

हे सगळं मी हसत सांगतो. पण एकदा मी त्यांना चिडून विचारलं होतं, की लहानपणी तुम्ही काहीच कसं खेळला नाहीत? ते रागावले नाहीत. त्यांचे वडील सालदार होते. वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या वावरात राबणारे. स्वतःच्या नावावर एक काडी जमीन नाही. "शाळेले सुट्टी मंजे काय, मास्तर? सुट्टी मंजे बापासंगं वावरात. पोरं मैदानात कल्ला करत, तो आमाले वावरातून ऐकू ये. मले वाटे, ज्याच्या घरी काम नाही तो खेळते." मग म्हणाले, "आनं पाहा, ज्याच्या बापाले धुरा नव्हता त्यानं सगळ्या तालुक्याचे धुरे मोजले. खेळलो असतो तं मोजले असते का?"

आता अशा माणसाची पोरगी गोलकीपर निघावी!

प्रज्ञा त्यांची एकुलती एक. आमच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, आठवड्याचे सहा दिवस आमच्या घरी राहायला. तिला फुटबॉल लागला तो माझ्यामुळं नाही, पण तो लपवला मात्र मी. दोन वर्षं शेलूबाजारला तिच्या घरी मी ती "लायब्ररीत असते" असंच सांगत होतो. मग एक दिवस तिचं नाव विद्यापीठाच्या संघाच्या शिबिराला निघालं. एकवीस दिवस, दुसऱ्या जिल्ह्यात, आणि फॉर्मवर पालकाच्या सहीची जागा. ती नसती तरी चाललं असतं, पोरगी सज्ञान आहे, पण प्रज्ञा म्हणाली, "बाबाच्या सहीबिगर मी जाणार नाही काका. चोरून खेळली ते खेळली." साडभाऊंचा बेत वेगळा होता. तिनं स्पर्धा परीक्षेचा क्लास लावायचा, तोही त्याच एकवीस दिवसांत सुरू होणारा. लायब्ररीचा उलगडा झाला तेव्हा फोनवर ते माझ्याशी एवढंच बोलले, "दोन साल तुमी मले खोटी हद्द दाखवली, मास्तर." मी धीर करून म्हटलं, निदान एक सामना बघा, मग नाही म्हणा. तेव्हा उत्तर आलं, "पाह्यल्याबिगर नाही म्हनलो तं तेबी चूकच होईल. येतो. जागेवर पाहीन आनं तिथंच सांगीन." फॉर्म सोमवारी द्यायचा होता. सामना रविवारी.

इथं माझा गोल सुरू होतो. स्टाफरूममध्ये बसून जगातल्या प्रत्येक सामन्यावर मत द्यायची मला सवय आहे, तेव्हा प्राचार्यांनी मला मैदान समितीवर घातलं. दक्षिणेकडचा लोखंडी गोल ठीक होता, पण उत्तरेचा पावसाळ्यात गंजून आडवा झाला होता. तिथं सागाच्या दोन बल्ल्या रोवायच्या, वर तिसरी आडवी बांधायची, एवढंच काम. खेळाचे सर दुसरीकडं गुंतले होते. मी म्हटलं, द्या इकडं टेप. त्या टेपचा पहिला फूट कधीतरी तुटला होता आणि कुणा सज्जनानं तुटल्या टोकाला नीटनेटकी गाठ मारून ठेवली होती. मी गाठ एका बल्लीला धरली, दुसऱ्या बल्लीपाशी चोवीस वाचलं, आणि हात झटकले. गाठीपाशी शून्य नव्हतं, एक होता. राज्यशास्त्रात शून्य कुठून धरायचं हे कुणी शिकवत नाही.

रविवारी सकाळी प्रज्ञा सरावाला आली, एका बल्लीपासून दुसऱ्या बल्लीपर्यंत चालली आणि सरळ माझ्याकडं आली.

"काका, साडेअकरा भरते."

"काय साडेअकरा?"

"माझे पावलं. बारा भरले पाह्यजे. बाबानं लहानपनी शिकवलं होतं ना दोन फुटाचं पाऊल."

मी तिच्या पायांकडं पाहिलं. "बूट नवीन आहेत तुझे," मी म्हणालो. "नव्या बुटांत पाऊल मोठं पडतं." हे वाक्य मी कुठल्या शास्त्राच्या आधारावर बोललो ते मला आजही सांगता येणार नाही. ती काहीतरी बोलणार होती, पण खेळाच्या सरांनी शिट्टी मारली आणि ती पळाली.

साडभाऊ काळीपिवळी जीपमधून उतरून दहाच्या ठोक्याला मैदानावर हजर होते, कारण पत्रिकेवर दहा छापलं होतं. सामना सुरू झाला सव्वाअकराला. मांडवात त्यांच्यासाठी खुर्ची राखली होती, चहा तयार होता. चहाकडं त्यांनी पाहिलंही नाही. "आज मी कामावर हाय," म्हणाले, बाटलीतला एक घोट घेतला, आणि थेट उत्तरेच्या गोलामागं, प्रज्ञाच्या पाठीशी, दहा पावलांवर जाऊन उभे राहिले. मला भीती वाटली, पण ती गोलाची नव्हती. तोवर मला माझ्या कामगिरीचा अभिमानच होता. मी भीत होतो फॉर्मला, तो माझ्या खिशात होता.

समोरचा संघ रिसोड तालुक्यातल्या एका कॉलेजचा. त्यांची कॅप्टन केनवडची एक उंच पोरगी होती, लाथ मारली की चेंडू कुरकुरायचा. मी साडभाऊंना समजावून सांगायला शेजारी उभा राहिलो. एक पोरगी पडली, पंचांनी शिट्टी मारली.

"हे कायले थांबलं?"

"फाउल झाला. पाय लागला तिला."

"मंग पंचनामा?"

"नाही हो, पंच म्हणाले फाउल म्हणजे फाउल."

"एकटे पंच म्हनले आनं दोन्ही पार्ट्यांनी मानलं?" त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जणू मी त्यांना चंद्रावरची बातमी दिली होती.

मग ऑफसाइड झाला. ऑफसाइड मलाही नीट येत नाही, पण स्टाफरूममध्ये मी तो इतक्यांदा समजावला आहे की थांबता आलं नाही. पाच मिनिटं मी हातवारे केले. समोरच्या संघाचा शेवटून दुसरा खेळाडू जिथं असेल तिथून एक रेघ धरायची, ती दिसत नाही, तो पुढं गेला की ती पुढं, मागं आला की मागं, आणि आपल्या माणसाकडं चेंडू येताना त्यानं त्या रेघेपलीकडं असायचं नाही. मला वाटलं आता हे "मंग कागदावर काहून नाही मारत" म्हणणार. पण त्यांचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं.

"मंजे धुरा हालते," ते हळू आवाजात म्हणाले.

"हो."

"घडीघडीले हालते."

"हो."

"आनं कोनी कोर्टात नाही जात?"

मी नाही म्हटलं. त्यानंतर मला त्यांना काही सांगावं लागलं नाही. ते मैदानाकडं असे पाहत होते, जसं मी पहिल्यांदा समुद्राकडं पाहिलं होतं. बावीस पोरी एका न दिसणाऱ्या, सारख्या सरकणाऱ्या हद्दीवरून धावत होत्या. शिट्टी झाली की थांबत होत्या, हात वर करून मागं फिरत होत्या. थोड्या वेळानं मला कळलं, की साडभाऊ आता चेंडूकडं पाहतच नव्हते. ते प्रज्ञाकडं पाहत होते. तिनं टाचेनं गोलाच्या बरोब्बर मधोमध मातीत एक रेघ ओढली होती. चेंडू डावीकडं गेला की ती रेघ सोडून दोन पावलं डावीकडं आणि पुढं जायची, मागं न बघता हात मागं करून बल्ली कुठं आहे ते चाचपायची, परत रेघेवर. समोरची पोरगी एकटी चाल करून आली तेव्हा प्रज्ञा मागं सरकली नाही, उलट धावत पुढं गेली, आणि त्या पोरीला गोलच दिसेनासा झाला.

"कोन कापला," साडभाऊ पुटपुटले. "पुढं जाऊन कोन कापला तिनं. हे... हे तं मोजून राह्यली, मास्तर!"

मी त्यांच्या आवाजात असं काही कधी ऐकलं नव्हतं. माझा हात खिशातल्या फॉर्मकडं गेला. आणि तेवढ्यात केनवडच्या पोरीनं वीस पावलांवरून लाथ हाणली, प्रज्ञा झेपावली, पोहोचली नाही, आणि चेंडू डाव्या बल्लीवर धाडकन आदळून बाहेर गेला. आमच्या पोरांनी जल्लोष केला. मी साडभाऊंना मिठी मारायला वळलो तर ते जागेवर नव्हते.

ते बल्लीपाशी गेले होते. एक डोळा मिटून, अंगठा उभा धरून, ते त्या गोलातून पार पलीकडचा लोखंडी गोल न्याहाळत होते. मग मैदानाच्या कडेकडेनं चालत ते दक्षिणेच्या गोलामागं गेले. या खांबापासून त्या खांबापर्यंत चालले. परत आले. आमच्या गोलामागून चालले. मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा ते पंचांसमोर उभे होते.

"साहेब, हा गोल एक फूट कमी हाय."

पंच बाहेरगावचे, तरुण. ते हसले. "काका, दुसऱ्या हाफला बाजू बदलतात. म्हणजे दोघांना सारखंच."

"चूक दोघांले सारखी वाटली मंजे ते बरोबर नाही होत. मोजा."

टेप आणली. साडभाऊंनी ती हातात घेतली, गाठ पाहिली, टेपवरचा पहिला आकडा पाहिला, आणि मान वर केली. "हे कोनं मोजलं?" त्यांनी विचारलं. माझ्या आसपासची माणसं मला वाटतं तेवढी निष्ठावान नाहीत. सगळ्यांनी एकदम माझ्याकडं पाहिलं. प्राचार्य माझ्या कानाशी आले. "सर, हे तुमचे पाहुणे का?" मी म्हणालो, "मिसेसच्या बाजूचे." हे वाक्य साडभाऊंनी ऐकलं.

दोरी लावून मोजलं. तेवीस.

गर्दीतून आवाज आला, "कोन हाय बे हा म्हातारा? कोन्या पार्टीचा?" आमची पोरं चिडली होती, शून्य-शून्य चालू होतं, दोन चाली आपल्या बाजूनं झाल्या होत्या. दुसऱ्या संघाचे सरही तावातावानं आले, की यात काहीतरी डाव आहे. साडभाऊंनी दोघांकडं पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "गोलात उभी हाय ते माझी पोरगी. कमी गोलाचा फायदा तिले झाला. तो चेंडू बल्लीले लागला, तो चोईस फुटाच्या गोलात आत होता." तीस वर्षं मी राज्यशास्त्र शिकवतो. त्यात न्याय नावाचं एक प्रकरण आहे, त्यावर मी चाळीस मिनिटं बोलतो. त्या क्षणी ते अख्खं प्रकरण एक मळका पांढरा शर्ट घालून, हातात निळ्या झाकणाची बाटली धरून माझ्यासमोर उभं होतं, आणि मी त्याची ओळख मिसेसच्या बाजूची म्हणून करून दिली होती.

प्रज्ञा पाणी प्यायला निघाली होती ती तशीच वळून आली. "बाबा, बरोबर हाय. मलेबी साडेअकराच भरले होते."

"मंग बोलली काहून नाही?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. बूट नवीन होते हे माझं शास्त्र तिनं सांगितलं नाही, एवढं तिचं मन मोठं. "काकाले सांगतलं होतं."

"काकाले नाही. पंचाले सांगाले पाह्यजे होतं."

"हो बाबा," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उतरला. साडभाऊ पुन्हा गोलामागच्या आपल्या जागेवर गेले. मला वाटलं, संपलं. आता सही विसरा.

पंचांनी पहिला हाफ रद्द केला. गोल दुरुस्त करा, सामना पुन्हा पहिल्यापासून, त्याच बाजूंनी. सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आली. डावी बल्ली उपटून एक फूट बाहेर रोवली. खड्डा खणायला मी स्वतः उतरलो. कुणी सांगितलं नव्हतं, पण मला तेवढा वेळ जमिनीत जायचं होतं. प्रज्ञानं टाचेनं जुनी रेघ पुसली, बारा पावलं मोजली, नवी रेघ ओढली.

सामना पुन्हा सुरू झाला, आणि दहाव्या मिनिटाला केनवडच्या पोरीनं पुन्हा तशीच लाथ हाणली. जवळजवळ त्याच जागेवरून. प्रज्ञा झेपावली. चेंडू डाव्या बल्लीच्या आतल्या बाजूनं, बल्लीला निसटता घासून आत गेला. कुणालाही सांगायची गरज नव्हती, की तो त्याच नव्या एका फुटातून गेला.

मी साडभाऊंकडं बघू शकलो नाही. प्रज्ञा क्षणभर मातीत पडून होती. मग उठली, बल्लीकडं पाहिलं, चेंडूकडं पाहिलं, मान हलवली आणि चेंडू मधल्या रेघेकडं फेकून दिला. पुढं तिनं चार-पाच जबरदस्त चेंडू अडवले. एक तर असा अडवला, की समोरच्या संघाच्या सरांनी टाळी वाजवली. पण आमच्याकडून गोल झालाच नाही. एक-शून्य. हरलो.

शेवटची शिट्टी झाली तेव्हा मी साडभाऊंजवळ होतो. मला वाटलं होतं आता रडारड, आरडाओरडा, बाचाबाची. केनवडची ती उंच पोरगी मैदानाच्या त्या टोकाहून पळत आली, प्रज्ञाला मिठी मारली आणि तिच्या पाठीवर थाप मारली. प्रज्ञानं हसून तिच्या हातात हात दिला. मग एकेक करत सगळ्या पोरी एकमेकींना हात देत पंचांकडं गेल्या, त्यांनाही हात दिला.

साडभाऊंच्या हातातली बाटली वाकडी झाली होती. "मास्तर," ते म्हणाले, "तीस साल झाले मोजून राह्यलो. मोजनी झाल्यावर दोन्ही पार्ट्यांनी हात मिळवला, असं एकदाबी नाही पाह्यलं. हरलेल्या पार्टीनं तं माह्या तोंडाकडं कधी पाह्यलंच नाही." ते अजून तिकडंच पाहत होते. "हे पोरी हे रोजच करते?"

"दर सामन्याला," मी म्हणालो.

"रोजच," ते स्वतःशीच म्हणाले.

मग त्यांनी हात पुढं केला. मी घाम पुसला, फॉर्म दिला. त्यांनी तो उभ्या उभ्या पहिल्या ओळीपासून वाचला, खालच्या बारीक सूचनांसकट, जेवणाच्या वेळांसकट. खिशातून स्वतःचं पेन काढलं. "पालकाचा अभिप्राय" अशी एक जागा असते, तिथं कुठलाच पालक काही लिहीत नाही. साडभाऊंनी फॉर्म माझ्या पाठीवर ठेवला, मी वाकलो, आणि मला पेनाची टोचणी जाणवत राहिली. नंतर वाचलं. मोत्यासारख्या सरकारी अक्षरात लिहिलं होतं: "जागेवर जाऊन प्रत्यक्ष पाहणी केली. हरकत नाही." खाली सही, आणि सहीखाली तारीख आणि वेळ.

प्रज्ञानं तो कागद वाचला. एका हातमोज्यानं डोळे पुसायला गेली आणि सगळा चेहरा मातीचा करून घेतला. बाप तिला जवळबिवळ घेणाऱ्यातला नव्हता. त्यांनी तिच्या बुटांकडं पाहिलं आणि म्हणाले, "पुढं गेली तवा तिसरं पाऊल थोडं लहान पडलं तुझं. पाहून घे." ती "हो बाबा" म्हणाली आणि इतकी हसली, की मी दुसरीकडं बघितलं.

साडभाऊ त्यानंतर खेळाचे भक्त वगैरे झाले असं कुणी समजू नये. क्रिकेटच्या शेवटच्या षटकात ते आजही पिशवी घेऊन मधूनच जातात. प्रज्ञा आता विद्यापीठाच्या संघात आहे. जमेल त्या सामन्याला हे काळीपिवळी, एसटी बदलत जातात, तिच्या गोलामागं उभे राहतात, चहा घेत नाहीत, टाळी वाजवत नाहीत. कोण जिंकलं विचारलं तर थोडा विचार करावा लागतो. पण प्रज्ञा किती वेळा रेघ सोडून पुढं गेली आणि दर वेळी किती फूट, ते सगळं त्यांना पाठ असतं. ते सांगताना त्यांचा आवाज खाली येतो, जसा देवळात किंवा विहारात येतो. आम्ही सगळे गप्प बसून ऐकतो. त्यांच्या लहानपणी जो कल्ला त्यांना लांबून वावरात ऐकू यायचा, तो आता ते एवढ्या जवळून ऐकतात, असं मला कधी कधी वाटतं. मी हे त्यांना बोलून दाखवलेलं नाही. ते म्हणतील, किती जवळून, आकडा सांगा.

त्या दिवशी मात्र मी त्यांना काळीपिवळीच्या थांब्यापर्यंत सोडायला गेलो. ते जीपमध्ये खिडकीजवळ बसले, बाटली मांडीवर धरली. माझ्या मनातून तो गोल जात नव्हता. म्हणालो, "भाऊसाहेब, माफ करा. माझ्यामुळं पोर हरली."

त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट केलं. "तुमच्यामुळं नाही हरली," ते म्हणाले. "तुमच्यामुळं तं अर्धा खेळ वाचली होती. हरली ते माह्यामुळं." त्यांचा आवाज पार मऊ झाला होता. "आनं पाहा, तिनं एकदाबी तसं माह्याकडं पाह्यलं नाही."

मला एकदम हलकं वाटलं. छातीवरचा दगड उतरला. जीप सुरू झाली तशी मी खिडकीशी वाकून, जरा हसूनच म्हणालो, "म्हणजे एकूण बघता माझी काही चूक नाही, नाही का?"

साडभाऊंनी मान वळवली आणि माझ्याकडं नीट पाहिलं.

"चूक तुमचीच हाय, मास्तर. तुमी आता मैदानात नका येत जाऊ, वर्गातच शिकवत राहा. तिथं तुमाले कोनी टेप लावून पाहात नाही."